निसटलेली नामपट्टी: जुन्या कॅल्क्युलेटरचे बोधचिन्ह पुन्हा कसे बसवावे

जुन्या घराच्या कपाटात, पेढीच्या गल्ल्यात किंवा निवृत्त लेखापालाच्या मेजाच्या खणात एखादा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर हमखास सापडतो. बॅटऱ्या केव्हाच संपलेल्या, कळांवरचे आकडे पुसट झालेले आणि माथ्यावरची कंपनीच्या नावाची चकचकीत पट्टी एका कोपऱ्यातून उचकटलेली, अशी त्याची अवस्था असते. ही पट्टी म्हणजे यंत्राची नामपट्टी. मोटारी व दुचाकींच्या बाजारात अशा पट्टीला ‘मोनोग्राम’ म्हणतात. ती सुटली की घरातील कोणीतरी हाती लागेल त्या चिकटद्रव्याचा थेंब टाकून ती दाबून बसवतो आणि काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात अनेक यंत्रांचे कायमचे नुकसान होते ते याच वेळी. तीस-चाळीस वर्षे टिकलेले कवच अर्ध्या मिनिटात डागाळते आणि वाकडी बसलेली पट्टी पुन्हा काढता येत नाही.

या दुरुस्तीचा नियम एका वाक्यात सांगता येतो. पट्टी धरून ठेवणारे चिकटद्रव्य यंत्राच्या कवचापेक्षा दुबळे असावे आणि पुढे गरज पडल्यास पट्टीला इजा न होता ते काढता यावे. पुढील सारा तपशील या नियमाचाच विस्तार आहे.

हिशेबाची दोन युगे

बुलढाणा जिल्ह्यासारख्या व्यापारी परंपरा असलेल्या भागात या छोट्या यंत्राला विशेष अर्थ आहे. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ. केवळ या कापसासाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेफाटा टाकण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चांदीच्या व्यवहारामुळे याच गावाला ‘रजतनगरी’ असे नाव मिळाले. कापूस असो वा चांदी, दोन्हींचा व्यवहार वजन आणि भाव यांच्या गुणाकारावर चालतो.

हा गुणाकार एके काळी मुनीमजी तोंडी करीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, मणाचे चाळीस शेर अशी ती मापे होती. त्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत असावी लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने किलो व क्विंटल रूढ झाले. मापे दशमान झाली नसती तर दशांश चिन्हावर चालणारे यंत्र अडतीच्या गादीवर फारसे उपयोगी पडले नसते. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, त्याच वर्षी जगाच्या बाजारात खिशातल्या कॅल्क्युलेटरची खरी स्पर्धा पेटली. पुढे सहकारी पतसंस्थांचे जाळे विस्तारले. १९८६ साली स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही त्यांपैकी सर्वांत ठळक संस्था. संगणक येण्यापूर्वीच्या या मधल्या काळाची साक्ष देणारी वस्तू म्हणजे कॅल्क्युलेटर. खतावण्या जपल्या जातात, यंत्र मात्र भंगारात जाते. जे उरले आहे त्याची ओळख पटवणारी पहिली खूण त्याची नामपट्टी असते.

खिशात मावणारे यंत्र

जपानच्या बिझिकॉम कंपनीने १९७१ च्या आरंभी बाजारात आणलेले ‘हँडी’ हे खऱ्या अर्थाने खिशात मावणारे पहिले कॅल्क्युलेटर मानले जाते. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ह्युलेट-पॅकार्डने ‘एचपी-३५’ आणला. आपल्या सदऱ्याच्या खिशात मावेल एवढे यंत्र हवे, असा आग्रह कंपनीचे संस्थापक बिल ह्युलेट यांनी धरला होता. ३९५ डॉलर किमतीच्या या यंत्राला ३५ कळा होत्या, त्यावरूनच त्याचे नाव पडले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा पातळ ‘एक्झिक्युटिव्ह’ आला, तर जपानमध्ये ‘कॅसिओ मिनी’ १२,८०० येनला विकला जाऊ लागला. १९७३ साली शार्पने ‘ईएल-८०५’ मध्ये द्रवस्फटिक पडदा वापरला. त्यामुळे बॅटरीचा खर्च कमी झाला आणि चमकणाऱ्या लाल-हिरव्या आकड्यांचे युग ओसरू लागले. १९८३ पर्यंत कॅसिओने ०.८ मिलिमीटर जाडीचा, बँकेच्या कार्डाएवढा कॅल्क्युलेटर तयार केला होता.

भारतातही हा उद्योग उभा राहत होता. दिल्लीच्या डीसीएम समूहाच्या कॅल्क्युलेटर विभागात काम केलेले शिव नाडर व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि ‘मायक्रोकॉम्प’ या नावाने कॅल्क्युलेटर विकू लागले. त्यातूनच १९७६ साली हिंदुस्थान कॉम्प्युटर्स, म्हणजे एचसीएल, ही कंपनी उभी राहिली. आयातीवर निर्बंध असल्यामुळे विदेशी कॅल्क्युलेटर बहुधा परदेशातून येणाऱ्या आप्तांच्या सामानातून येई. त्यामुळे त्यावरील नावाला घरात आणि पेढीवर प्रतिष्ठा असे. नंतर मोरबीच्या अजंता समूहाचा ‘ओरपॅट’ गावोगाव पोहोचला आणि नामवंत कंपन्यांशी नामसाधर्म्य सांगणाऱ्या नकली यंत्रांचाही सुळसुळाट झाला.

पट्टी ही केवळ शोभा नव्हे

नामपट्टीचे महत्त्व किती, याचे उत्तम उदाहरण ‘एचपी-३५’ हेच आहे. अगदी सुरुवातीच्या यंत्रांच्या पट्टीवर केवळ कंपनीचे नाव होते, ‘३५’ हा आकडा नव्हता. कंपनीने अन्य यंत्रे आणण्याची तयारी केल्यावर तो पट्टीवर आला. सुरुवातीच्या यंत्रांत एक गणिती दोषही होता. २.०२ या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम काढून त्यावर उलट क्रिया केली, की उत्तर २.०२ न येता नुसते २ येई. म्हणजे आकडा नसलेली पट्टी आणि चुकीचे उत्तर या दोन खुणा एकत्र आढळल्यास यंत्र कोणत्या टप्प्यातील हे सांगता येते. दुरुस्ती करताना दोन यंत्रांच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली, तर हा पुरावाच पुसला जातो.

भारतीय यंत्रांबाबत ही गोष्ट अधिकच खरी आहे. अनेक छोट्या कंपन्या परदेशी सुटे भाग जोडून आपल्या नावाची पट्टी लावीत. आतील चिप आणि पडदा सारखेच असलेली दोन यंत्रे कधी कधी केवळ नामपट्टीवरूनच वेगळी ओळखता येतात. पट्टी हरवली की यंत्र निनावी होते.

पट्ट्यांचे प्रकार

दुरुस्तीपूर्वी पट्टी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे आवश्यक आहे. पहिला आणि सर्वांत सामान्य प्रकार पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. त्यावर रंग चढवून अक्षरे छापलेली असतात आणि मागे चिकट थर असतो. काही यंत्रांत हा पत्रा पडद्याभोवतीची संपूर्ण चौकट व्यापतो. ‘एचपी-१२सी’ या १९८१ च्या वित्तीय कॅल्क्युलेटरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील गोल धातूचे चिन्ह ही याचीच छोटी आवृत्ती आहे.

दुसरा प्रकार निकेलच्या अतिशय पातळ अक्षरांचा. ही अक्षरे नखाने उचलली तरी वाकतात. तिसरा प्रकार चांदीसारखा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या चिन्हाचा. त्याच्या मागे बारीक खुंट्या असतात. त्या कवचाच्या छिद्रांतून आत घालून, उष्णतेने वितळवून पक्क्या केलेल्या असतात. चौथा प्रकार छापील प्लास्टिकच्या स्टिकरचा. थेट कवचावर छापलेले नाव ही मात्र पट्टी नव्हे. ते पुसट झाले तर चिकटवण्यासारखे काही उरत नाही.

गोंद का सुटतो?

मूळ चिकट थर बहुधा दाबाने चिकटणाऱ्या द्रव्याचा असतो. ही द्रव्ये पूर्णपणे घट्ट कधीच होत नाहीत. ती अतिशय दाट काकवीसारखी असतात आणि म्हणूनच पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत शिरून पकड घेतात. उन्हाळ्यात ती मऊ होऊन हळूहळू सरकतात, हा त्याच गुणाचा तोटा. रबरावर आधारित जुने थर हवेतील प्राणवायूमुळे आधी चिकचिकीत आणि नंतर ठिसूळ होतात. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून मिसळलेली काही द्रव्येही कालांतराने बाहेर झिरपतात आणि चिकट थर बिघडवतात.

बुलढाणा जिल्ह्याचे हवामान या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग तुलनेने सौम्य. तर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद येथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो. टिनपत्र्याच्या छताखालील गोदामात किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तापमान त्याहूनही अधिक होते.

त्यात धातू आणि प्लास्टिक यांच्या प्रसरणातील फरकाची भर पडते. कॅल्क्युलेटरच्या कवचासाठी पुष्कळदा वापरले जाणारे एबीएस प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षा तीन ते चार पट अधिक प्रसरण पावते. ५० मिलिमीटर लांबीची पट्टी असेल आणि तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर दोहोंच्या लांबीत जवळपास एक दशांश मिलिमीटरची तफावत निर्माण होते. ही तफावत चिकट थराला रोज सोसावी लागते. थर लवचीक असेल तर तो ताणला जातो आणि पूर्ववत होतो; ठिसूळ असेल तर कडेपासून तडकतो. पट्टी नेहमी कोपऱ्यातून का उचकटते, याचे कारण हेच.

पेढीवरच्या यंत्रांबाबत आणखी एक कारण संभवते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्या, लेखणी आणि तराजू यांच्याबरोबर कॅल्क्युलेटरचीही पूजा होते. ओले हळद-कुंकू पट्टीच्या कडेला शिरते, वाळते आणि पुढच्या वर्षी त्यावर नवा थर चढतो. बोटांचा घाम, तेलकटपणा आणि कापसाची बारीक धूळ याच फटीत साठते.

सर्वांत गंभीर कारण मात्र आतून येते. जुन्या निकेल-कॅडमियम आणि अल्कलाइन बॅटऱ्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे तीव्र अल्कली द्रव्य असते. बॅटरी गळली की ते फटींतून पसरते आणि ॲल्युमिनियमला खाते. सुटलेल्या पट्टीच्या मागे पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसले, तर दोष केवळ गोंदाचा नाही. अशा वेळी आधी बॅटरीचा कप्पा उघडून पाहावा.

आधी तपासणी, मग हात

पट्टी अर्धवट सुटलेली असताना ती ओढून काढण्याचा मोह टाळावा. ज्या बाजूने ती घट्ट आहे, तेथे पत्रा वाकतो आणि रंगाच्या थराला कायमची सुरकुती पडते. सुटलेला भाग एक-दोन मिलिमीटरचाच असेल आणि मागचा थर स्वच्छ व चिकट असेल, तर कित्येकदा बोटाने दाबून ठेवणे पुरेसे होते.

पट्टी पूर्ण काढायचीच असेल, तर चिकट थर मऊ करावा. केस वाळवण्याच्या यंत्राची मंद हवा दूरवरून अर्धा मिनिट द्यावी. पृष्ठभागावर बोट सहज ठेवता आले पाहिजे. त्याहून अधिक उष्णतेने प्लास्टिक वाकते आणि द्रवस्फटिक पडदा काळवंडू शकतो. मग दातकोरणी किंवा बांबूची पातळ सळई कडेने हळूहळू सरकवावी. चाकू, पेचकस, ब्लेड वापरू नये. खुंट्या असलेले चिन्ह बाहेरून उचकटण्याचा प्रयत्न केल्यास खुंट्या तुटतात. त्यासाठी यंत्र उघडून आतून काम करावे लागते.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्राची समोरून आणि मागून छायाचित्रे काढावीत. पट्टी लिफाफ्यात ठेवून त्यावर यंत्राचे नाव आणि मागील बाजूचा क्रमांक लिहावा. एकाहून अधिक यंत्रे असतील तर एका वेळी एकच उघडावे. पट्ट्यांची अदलाबदल होण्याचे मुख्य कारण गडबड हेच असते.

जुना थर कसा काढावा

कवचावर राहिलेला जुना चिकट थर काढल्याशिवाय नवा लावू नये. पहिला उपाय कोरडा: बोटाच्या टोकाने चोळून थराच्या बारीक वळ्या कराव्यात. जेथे हे जमत नाही तेथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ते ‘आयपीए’ या नावाने ओळखले जाते. ते कापसाच्या बोळ्यावर घ्यावे, थेट यंत्रावर ओतू नये. आधी बॅटरीच्या झाकणाच्या आतील बाजूस लावून पाहावे. रंग निघाला नाही तरच पुढे जावे. पट्टीच्या छापील बाजूला ते लावू नये.

ॲसिटोन, नेलपॉलिश काढण्याचे द्रव, थिनर आणि पेट्रोल पूर्णपणे वर्ज्य समजावे. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते. पेट्रोलने काही प्लास्टिकना तत्काळ इजा झाली नाही तरी दिवसांनी सूक्ष्म तडे दिसू लागतात.

हळदीचा डाग असल्यास साबण किंवा सोड्याचे पाणी वापरू नये, कारण अल्कलीच्या संपर्कात हळदीचा पिवळा रंग लालसर होतो. डाग अल्कोहोलने हलका होतो. राहिलेला पिवळेपणा प्रकाशात आपोआप फिकट होत जातो, मात्र यंत्र कडक उन्हात ठेवू नये. अल्कलाइन बॅटरीच्या गळतीची पांढरी भुकटी असेल तर हातमोजे घालून, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या बोळ्याने ती पुसावी, नंतर पाण्याने ओलसर केलेला बोळा फिरवून जागा पूर्ण कोरडी करावी.

रजतनगरीच्या परिसरात एक इशारा अनाठायी ठरू नये. चांदीची पॉलिश, चिंच किंवा रांगोळीची पूड लावून ॲल्युमिनियमची पट्टी चमकवण्याचा प्रयत्न करू नये. तिच्यावरील रंगीत थर अतिशय पातळ असतो. तो एकदा घासला गेला की अक्षरांसह नाहीसा होतो.

पट्टी वाकली असेल तर ती काचेवर मऊ कापड अंथरून उलटी ठेवावी आणि गोल पेन्सिल लाटण्यासारखी हलक्या हाताने फिरवावी. ठोकू नये. पूर्ण सपाट करण्याच्या अट्टाहासात सुरकुतीची जागी चीर पडते. थोडा बाक राहिलेला परवडतो.

चिकटद्रव्याची निवड

बहुतेक धातूच्या पट्ट्यांसाठी ॲक्रिलिक द्रव्याची पातळ ‘डबल टेप’ हा सर्वोत्तम पर्याय आहे. मोबाइलचा पडदा बसवण्यासाठी अशा टेपचा उपयोग होतो, त्यामुळे ती तालुक्याच्या गावीही मिळते. ॲक्रिलिक थर रबराच्या थरापेक्षा उष्णता अधिक सोसतो, लवचीक राहतो आणि मंद उष्णता देऊन पुन्हा काढता येतो. जाडीकडे मात्र लक्ष द्यावे. पट्टीसाठी कवचात केलेली खाच अर्ध्या मिलिमीटरहून कमी खोल असू शकते. फोमची जाड टेप लावल्यास पट्टी वर येते आणि कॅल्क्युलेटर खोळीत घालताना अडकून पुन्हा निघते.

झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट, म्हणजे ‘फेविक्विक’ प्रकारातील द्रव्य, घरोघरी असते आणि तेच सर्वाधिक हानी करते. या द्रव्याचा शोध हॅरी कूव्हर यांना १९४२ साली कोडॅक कंपनीत लागला आणि १९५८ पासून ते बाजारात आले. त्याची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर पांढरा धूसर थर निर्माण करते. बोटांच्या ठशांवर ही वाफ विशेष साठते, म्हणूनच पोलीस तपासात अदृश्य ठसे उमटवण्यासाठी तिचा वापर होतो. तोच प्रकार कॅल्क्युलेटरच्या पारदर्शक काचेवर होतो आणि मालकाचे ठसे तेथे कायमचे राहतात. शिवाय हे द्रव्य वाळल्यावर ठिसूळ होते. धातू आणि प्लास्टिक यांच्या वेगवेगळ्या प्रसरणाला ते फार काळ तोंड देत नाही.

सुतारकामाचा पांढरा ‘फेविकॉल’ येथे वेगळ्या कारणाने निरुपयोगी आहे. त्यातील पाणी लाकडात किंवा कागदात शोषले गेल्यावर तो घट्ट होतो. धातू आणि प्लास्टिक यांपैकी कोणीच पाणी शोषत नाही, त्यामुळे मधला थर दिवसेंदिवस ओला राहतो. चामडे आणि रेक्झिनसाठीच्या रबरी गोंदातील द्रावक काही प्लास्टिकना विरघळवतात. ‘अराल्डाइट’सारखे दोन नळ्यांचे इपॉक्सी मजबूत असते, परंतु ते पुन्हा काढता येत नाही. तुटलेल्या खुंटीचा सांधा जोडण्यासाठी, आतील बाजूने, टाचणीच्या टोकाएवढे इपॉक्सी वापरणे एवढाच त्याचा अपवाद.

पट्टी बसवण्याची कृती

साहित्य थोडेच लागते: पातळ डबल टेप, बारीक कात्री, चिमटा, कागदी टेप, अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड. काम सकाळी किंवा संध्याकाळी, पंखा बंद करून करावे. ॲक्रिलिक टेप साधारण २० ते ३८ अंश तापमानात चांगली पकड घेते. उन्हाने तापलेल्या किंवा हिवाळ्यात गार पडलेल्या यंत्रावर घाईने काम करू नये.

प्रथम पट्टीची मागची बाजू आणि कवचावरील खाच पुसून पूर्ण कोरडी करावी. त्यानंतर तेथे बोट लावू नये. पट्टी टेपवर ठेवून तिच्या आकाराची टेप कापावी, मात्र चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर आत ठेवावी; कडेने बाहेर आलेली टेप धूळ खेचते. टेप पट्टीला लावून वरचा कागद तसाच ठेवावा आणि पट्टी खाचेत नुसती ठेवून पाहावी. ती सरळ दिसते का, वर येते का, हे याच वेळी तपासता येते.

आता पट्टी योग्य जागी असताना तिच्या वरच्या कडेला कागदी टेपचा तुकडा लावावा, म्हणजे ती बिजागरीवर उघडणाऱ्या झाकणासारखी वर उचलता येते. छापील भाग नाजूक असल्यास हा तुकडा आधी कापडावर दोन-तीनदा चिकटवून त्याची पकड कमी करून घ्यावी. पट्टी उचलून डबल टेपचा कागद चिमट्याने काढावा आणि पट्टी हळूच खाली आणावी. मधून कडेकडे अंगठ्याने दाबत जावे, म्हणजे हवा अडकत नाही. दाब काही सेकंद स्थिर ठेवावा. पडद्यावर जोर पडता कामा नये. जुनी काच सहज फुटते. शेवटी कागदी टेप सावकाश, पट्टीला समांतर ओढून काढावी.

पट्टी लगेच घट्ट वाटली, तरी अशा टेपची पूर्ण पकड यायला सुमारे तीन दिवस लागतात. तोपर्यंत यंत्र सपाट ठेवावे आणि हाताळू नये.

पट्टी हरवली असेल तर

पट्टीच सापडत नसेल, तर निकामी झालेल्या त्याच प्रकारच्या यंत्रावरील पट्टी बसवता येते. परंतु तशी नोंद बॅटरीच्या झाकणाच्या आत चिठ्ठी ठेवून करावी. हुबेहूब पट्टी नव्याने छापून घेणेही आज अवघड नाही. ती छापल्यास तिच्या मागच्या बाजूला ‘नवी’ असे आणि वर्ष लिहावे. जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री होते आणि पट्टीवरून किंमत ठरते, तेव्हा ही नोंद न करणे म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक ठरते. दुसऱ्या कंपनीची पट्टी केवळ जागा भरण्यासाठी लावणे तर सर्वथा अयोग्य. त्यापेक्षा रिकामी खाच बरी; ती निदान खोटे बोलत नाही.

नंतरची निगा

दुरुस्त केलेल्या यंत्रातून बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. ते पत्र्याच्या छताखाली, खिडकीत किंवा मोटारीत ठेवू नये. लोखंडी कपाटातील डांबरगोळ्या कपड्यांना उपयोगी असल्या, तरी त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकला मऊ आणि चिकट करते. म्हणून कॅल्क्युलेटर अशा कपाटात ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवणे उत्तम. प्लास्टिकची पिशवी टाळावी. लक्ष्मीपूजनाला यंत्र पूजेत ठेवायचे असल्यास हळद-कुंकू शेजारच्या वहीवर किंवा यंत्राखाली ठेवलेल्या कागदावर वाहता येते.

या दुरुस्तीला पैसे फारसे लागत नाहीत. लागतो तो तासाभराचा संयम. ज्या पिढीने दिडकी-अडीचकी सोडून प्रथमच यंत्रावर विश्वास ठेवला, तिच्या हातातील ही वस्तू आहे. ती पुन्हा सुरू होईलच असे नाही. पण ती कोणती, कोणाची आणि केव्हाची, हे तिच्या माथ्यावरील दोन-तीन इंचांची पट्टी सांगत राहते. ती पट्टी जागेवर असेल, तर नातवंडांच्या हाती हे यंत्र पडेल तेव्हा त्याचे नाव त्यांना वाचता येईल.